सतीर्थ : दूरस्थ शिक्षणातील सान्निध्याचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय यंत्रांचा आहे असा आपला समज होण्याचा संभव आहे. आंतरजाल, संगणक, मोबाइल यांच्या साहाय्याने शिकवणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि त्या साधनांची माहिती माझ्यापेक्षा आपल्यातील तरुण शिक्षकांना अधिक आहे. मी ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो तो थोडा निराळा आहे. घराच्या एका कोपऱ्यात, पडद्यासमोर बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणाच्या तरी सोबतीने शिकत आहोत असे कशामुळे वाटते? तसे वाटणे ही शिक्षणाची अट आहे, की केवळ मनाला बरे वाटावे एवढीच त्याची किंमत आहे? आणि ती अट असेल, तर ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाची?

शिक्षणासंबंधीचे आपले जुने शब्द पाहिले तर त्यांत जवळ असण्याची कल्पना पुन्हा पुन्हा आढळते. अंतेवासी म्हणजे गुरूच्या समीप राहणारा. उपनिषद या शब्दात जवळ बसणे आहे. सहाध्यायासाठी सतीर्थ किंवा सतीर्थ्य असा शब्द आहे; एकाच तीर्थाच्या ठायी राहणारा, असा त्याचा अर्थ पाणिनीने दिला आहे. तेथे तीर्थ म्हणजे गुरू. परंतु तीर्थ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा, घाट, हाही अर्थ तितकाच जुना आहे. एका घाटावरून पाण्यात उतरणारे आणि एका गुरूपाशी शिकणारे, या दोन्ही कल्पना या एका शब्दात एकत्र नांदतात. दूरस्थ शिक्षणात विद्यार्थी हजारो असतात, ग्रंथ एकच असतो, परीक्षा एकच असते. तरीही ते एकमेकांचे सतीर्थ होतात की नाही, हा माझ्या मते या शिक्षणपद्धतीपुढील कळीचा प्रश्न आहे.

आपण आज दशाश्वमेध घाटापासून थोड्याच अंतरावर जमलो आहोत. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले अशी पुराणकथा आहे, तर या नावाचा संबंध भारशिव नागांच्या दहा अश्वमेधांशी आहे असे इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांचे मत होते. या घाटाचे पक्के बांधकाम अठराव्या शतकातले, पेशव्यांच्या काळातले. पुढे अहिल्याबाई होळकरांचा हातही येथे लागला आणि त्यांच्या नावाचा घाट शेजारीच आहे. म्हणून मराठी मनाला ही जागा परकी वाटत नाही. परंतु माझ्या विषयाला उपयोगी पडणारी गोष्ट इतिहासातली नाही, ती रोज डोळ्यांसमोर घडते.

या घाटावर रोज दोन प्रकारचे जनसमूह जमतात. संध्याकाळी गंगेच्या आरतीला पायऱ्या भरून जातात, नदीत नावांची दाटी होते. ओळीने उभे असलेले अर्चक, जड दीपपात्रे, शंखध्वनी, धूप, हे सारे इतके नियमबद्ध असते की दुरून आलेल्या माणसाचेही डोळे तेथे खिळून राहतात. आरती संपते, आणि थोड्याच वेळात ती गर्दी गोदौलियाच्या दिशेने विरून जाते. आपल्या शेजारी कोण बसले होते हे सहसा कोणी सांगू शकत नाही. दुसरा समूह पहाटेचा. तो संख्येने लहान आहे. नित्यस्नानाला येणारी ही माणसे वर्षानुवर्षे त्याच पायरीवर, त्याच छत्रीखालच्या घाटियाच्या चौकीवर आपले कपडे ठेवतात. त्यांची एकमेकांशी फारशी बोलणी होतातच असे नाही. परंतु एखादा नेमाचा माणूस दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याची चौकशी होते.

मित्रहो, आरतीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. उत्तम व्याख्यान हे उत्तम आरतीसारखे असते. ते हजारोंना एकाच वेळी दाखवता येते आणि दाखवावेही. तथापि आरतीला जमलेली गर्दी हा समुदाय होत नाही, आणि चित्रफितीसमोर बसलेले हजार विद्यार्थी म्हणजे वर्ग होत नाही. जेथे माणसाच्या गैरहजेरीची नोंद दुसऱ्या माणसाच्या मनात होते, तेथे समुदाय सुरू होतो. ही साधी कसोटी आपण हाताशी ठेवू आणि पुढे जाऊ.

या कल्पनेचा शास्त्रीय विचार अर्धशतकापूर्वी सुरू झाला. १९७६ साली जॉन शॉर्ट, एडरिन विल्यम्स आणि ब्रूस ख्रिस्टी या तिघा ब्रिटिश संशोधकांनी दूरसंचाराच्या सामाजिक मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी सामाजिक उपस्थिती ही कल्पना मांडली. समोरचा माणूस खरा माणूस म्हणून कितपत जाणवतो, त्याचे हे माप. त्यांच्या मते हा गुण मुख्यतः माध्यमाचा होता: पत्रापेक्षा दूरध्वनीत तो अधिक, दूरध्वनीपेक्षा चित्रासह संभाषणात अधिक, आणि समोरासमोरच्या भेटीत सर्वांत अधिक. हे मत खरे असते तर आपल्याला करण्यासारखे फारसे उरले नसते. अधिक चांगले यंत्र येईपर्यंत वाट पाहावी लागली असती.

पुढच्या दोन दशकांत हे मत बदलले. मूळच्या श्रीलंकेच्या आणि अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या शार्लट गुणवर्धना यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, केवळ लिखित मजकुराच्या देवाणघेवाणीतही ही उपस्थिती दृढपणे निर्माण करता येते; ती यंत्राइतकीच, किंबहुना यंत्राहून अधिक, वापरणाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. मायकेल मूर यांनी त्याआधीच प्रतिपादन केले होते की दूरस्थ शिक्षणातील अंतर मैलांत मोजायचे नसते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर, यावर ते ठरते. या हिशेबाने पाचशे विद्यार्थ्यांच्या सभागृहात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा दूरचा असू शकतो, आणि दुर्गम पाड्यावरून नियमित पत्रोत्तरे करणारी मुलगी जवळची. २००० साली कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी या विचाराला एक चौकट दिली: शिकणाऱ्यांचा समुदाय उभा राहण्यास विचाराची उपस्थिती, शिक्षकाची उपस्थिती आणि माणसांची एकमेकांना जाणवणारी उपस्थिती, अशा तिन्हींची गरज असते. मी या तिसऱ्या गोष्टीला सान्निध्य म्हणतो. आपल्या भाषेत तो शब्द देवासाठीही वापरतात आणि माणसासाठीही. डोळ्यांना न दिसताही जे जाणवू शकते, त्यासाठी तो योग्य आहे.

आता काशीच्या इतिहासाकडे वळू, कारण सान्निध्याला भव्य वास्तू लागत नाही याचा पुरावा याच नगरीत आहे. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए १६६०च्या दशकात येथे आला होता. काशी म्हणजे हिंदुस्थानचे अथेन्स, असे त्याने तिचे वर्णन केले. परंतु युरोपातल्यासारखी महाविद्यालये किंवा ठरलेले वर्ग त्याला येथे दिसले नाहीत. आचार्य नगरात विखुरलेले होते. कोणी आपल्या घरी शिकवी, कोणी नगराबाहेरच्या बागेत. एकेकापाशी चार, सहा किंवा सात शिष्य असत, आणि फार नामांकित आचार्यापाशी बारा-पंधरा. हे शिष्य दहा-बारा वर्षे त्याच्याजवळ राहत. या आकड्यांकडे आपण नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. ज्या नगरीची कीर्ती भारतभर पसरली होती तिच्या शिक्षणाचा मूळ घटक सात जणांचा होता. पैठणहून सोळाव्या शतकात येथे आलेल्या भट्ट घराण्याची विद्या अशाच घरगुती पाठशाळांतून वाढली. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले.

याच नगरीने दुरून आलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्याची एक रीतही घडवली होती. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत कोकणातून व देशावरून धर्मशास्त्रातील वादाचे प्रश्न पत्राने काशीला येत. जुन्या विश्वेश्वर मंदिरातील मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरे, चर्चा होई आणि निर्णयपत्र लिहिले जाई. १६५७ सालचे असे एक निर्णयपत्र प्रसिद्ध आहे. त्यातील प्रश्न कोकणातील एका ब्राह्मण ज्ञातीच्या सामाजिक स्थानाविषयीचा होता आणि त्यावर अनेक पंडितांच्या सह्या आहेत. सह्यांचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. शेकडो मैलांवर ते पत्र वाचणाऱ्याला केवळ निर्णय मिळत नसे. आपल्या प्रश्नावर कोण कोण बसले होते हे कळत असे. उत्तराला नावे होती, म्हणून त्याला वजन होते.

परंतु या जुन्या काशीचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या सात जणांच्या वर्तुळात प्रवेश जन्माने ठरत असे. स्त्रियांना ते बंद होते, बहुसंख्य जातींना ते बंद होते, आणि मुक्तिमंडपापुढे येणारे अनेक प्रश्न कोणाला आत घ्यावे व कोणाला बाहेर ठेवावे याविषयीचेच होते. ती खोली भरलेली होती, पण तिचे दार बंद होते. आधुनिक दूरस्थ शिक्षणाने दार उघडले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य आहे. आपल्यापुढील धोका नेमका उलटा आहे: दार सताड उघडे, आणि आत गेल्यावर खोलीत कोणीच नाही.

हा धोका टाळता येतो याचे एक उदाहरण मराठी मुलखातच घडले आहे आणि ते आज बरेचसे विस्मृतीत गेले आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोत्यांसाठी एक प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषी जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे होते. या प्रयोगाचे वैशिष्ट्य कार्यक्रमात नव्हते. ऐकण्याच्या रीतीत होते. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ असे. ठरलेल्या वेळी ही मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी अशी श्रोतृमंडळे चालत होती, त्या धर्तीवर ही योजना होती.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. त्याने तीन प्रकारच्या गावांची तुलना केली: श्रोतृमंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि दोन्ही नसलेली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी वाढ झाली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे वाढ अगदी किरकोळ होती. आवाज तोच, भाषा तीच, वेळ तीच. फरक पडला तो एकत्र बसण्यामुळे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर परत येईल या खात्रीमुळे. दूरस्थ शिक्षणाविषयी गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ध्वनिक्षेपकातून ज्ञान जाते आणि मंडळात ते रुजते ही गोष्ट त्या गावांनी फार आधी दाखवून दिली होती.

त्यानंतर आपल्या देशात या शिक्षणाचा विस्तार झपाट्याने झाला. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे ठाऊक होते की टपालाने आलेली पुस्तके एकट्या माणसाला फार काळ धरून ठेवत नाहीत. म्हणून अभ्यासकेंद्रे निघाली, तेथे संमंत्रक नेमले गेले. दिवसभर नोकरी करणारे, शिक्षण अर्धवट सुटलेले, लग्नानंतर वही मिटलेल्या स्त्रिया, अशी माणसे तेथे येऊन भेटू लागली. संमंत्रक हा शब्द मला आवडतो. त्यात शिकवण्यापेक्षा सोबत बसून विचार करण्याचा भाव अधिक आहे.

यानंतर आंतरजालाचे युग आले आणि संख्येचे आकर्षण वाढले. एकाच अभ्यासक्रमाला लाखभर विद्यार्थी नाव नोंदवू शकतात, या गोष्टीने जग काही काळ भारावून गेले. तो भर ओसरल्यावर हिशेब मांडले गेले. अमेरिकेतील हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये शेकडा ३.१३ होते. निम्म्याहून अधिक लोक नाव नोंदवून एकदाही आत आलेच नव्हते. येथे न्याय्य बोलले पाहिजे. अनेकजण केवळ कुतूहलाने नाव घालतात, आणि ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात हेच प्रमाण ४६ होते. तेव्हा सारी गळती एकाकीपणामुळे झाली असे मी म्हणणार नाही. परंतु जगातील उत्तम प्राध्यापक आणि उत्तम चित्रफिती हाताशी असूनही माणसे राहत नाहीत, एवढे तरी या आकड्यांवरून सिद्ध होते.

आपल्याकडे २०१७ साली ‘स्वयम्’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याच्या रचनेत चार भाग सांगितलेले आहेत: चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन, आणि शंकासमाधानासाठी चर्चा. कागदावर ही चौकट निर्दोष आहे. परंतु पहिले तीन भाग एकदा तयार करून ठेवता येतात, तर चौथा भाग रोज जिवंत ठेवावा लागतो. प्रत्येक चर्चेत दुसऱ्या दिवशी कोणी तरी उत्तर द्यावे लागते. कोणत्याही योजनेचा जो भाग एकदाच विकत घेता येत नाही तोच आधी वाळतो, हा आपला सार्वजनिक अनुभव आहे.

मार्च २०२० मध्ये ही परीक्षा सर्वांपुढे एकाच वेळी आली. शाळा-महाविद्यालये बंद झाली. दशाश्वमेध घाटावरची आरतीही गर्दीविना, साध्या स्वरूपात होऊ लागली. त्या काळात जे प्रयत्न झाले त्यांत मला सोलापूरच्या नीलमनगरातील प्रयत्न बोलका वाटतो. यंत्रमाग कामगारांच्या त्या वस्तीत अनेक घरांत स्मार्टफोन नव्हते. तेथील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. मुले अंतर राखून भिंतीपुढे उभी राहत, वाचत, पुढे जात. भिंत हे तसे मुके साधन. तिला उत्तर देता येत नाही. परंतु ती रस्त्यावर होती, आणि तिच्यापुढे उभे राहणारे मूल येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते. एकाच भिंतीवरचा पाठ वाचणारी मुले एकमेकांना ओळखत होती. अनेक महागड्या पडद्यांना जे जमले नाही ते त्या भिंतींना थोडेफार जमले, कारण त्यांनी शिकणे लोकांत आणले.

आता आपल्या हाती काय आहे, याचा विचार करू. मी चार-पाच गोष्टी सुचवतो. त्यांपैकी एकीलाही फार खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट ओळखीची. काशीत, प्रयागला, नाशिकला यात्रेकरू उपाध्यायाकडे जातो तेव्हा उपाध्याय प्रथम त्याचे गाव विचारतो, घराणे विचारतो, आणि मग वही काढतो. त्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे निघाली की अनोळखी नगरीत तो यात्रेकरू एकाएकी कोणाचा तरी कोणी होतो. दक्षिणेचा प्रश्न नंतर येतो. आपल्या अभ्यासक्रमात मात्र पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला नोंदणी क्रमांक, संकेतशब्द आणि नियमावली मिळते. पहिला आठवडा परिचयासाठी ठेवावा. नाव, गाव, कोणते काम करता, हा विषय का घेतला, अभ्यासाला कोणती वेळ मिळते, एवढे प्रत्येकाने लिहावे किंवा बोलावे, आणि शिक्षकाने त्याची आरंभ करून द्यावी. ही वही शिक्षकाने पुढे वापरली पाहिजे: द्राक्षबागेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पाण्याच्या ताणाचे उदाहरण विचारावे, अंगणवाडीसेविकेला मुलांच्या वजनाच्या नोंदींचे. आपल्याबद्दल सांगितलेले कोणाच्या तरी लक्षात राहिले, हे कळले की माणूस बोलू लागतो.

दुसरी गोष्ट आकाराची. बर्निएने पाहिलेले सात शिष्य आणि पुण्याच्या प्रयोगातले वीस श्रोते, यांच्या दरम्यान कोठे तरी मानवी चर्चेचे माप असावे. पाचशे जणांचा अभ्यासक्रम चालवण्यास हरकत नाही. परंतु त्याचे आठ-दहा जणांचे गट पाडावेत, ते शेवटपर्यंत मोडू नयेत, आणि प्रत्येक गटाकडे असे काही काम द्यावे की जे एकट्याला करता येणार नाही. आपल्या गावातील पाण्याचे स्रोत, बोलीतील शब्द, बाजारभाव यांची माहिती प्रत्येकाने आणावी आणि ती जुळवून एकच निष्कर्ष काढावा. एकमेकांची गरज निर्माण झाल्याखेरीज ओळख टिकत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. केव्हाही शिका, कोठेही शिका, ही घोषणा उपकारक आहे. नोकरी करणाऱ्यांना तिच्यामुळेच शिकता येते. पण जी गोष्ट केव्हाही करता येते ती पुढे ढकलताही येते. आठवड्यातून एक तास तरी ठरलेला असावा. पहाटेच्या स्नानाला येणाऱ्यांना कोणी निमंत्रण धाडत नाही. वेळ हेच त्यांचे निमंत्रण असते.

चौथी गोष्ट उत्तराची. विद्यार्थ्याने पाठवलेल्या स्वाध्यायावर केवळ गुण लिहून परत करणे म्हणजे पत्राची पोच देणे होय. त्याच्या लिहिण्यातले एक वाक्य उचलून त्यावर दोन ओळी लिहिणे, खाली आपले नाव घालणे, आणि हे ठरलेल्या मुदतीत करणे, याला मी उत्तर म्हणतो. मुक्तिमंडपातील पंडितांनी आपल्या सह्या केल्या होत्या. आपण यंत्राच्या आड नाव लपवू नये. आजकाल अशी उत्तरे यंत्राकडूनच लिहून घेण्याची सोय झाली आहे. व्याकरणाच्या चुका त्याने दाखवाव्यात. परंतु आपले लिहिणे कोणा माणसाने वाचले, हा अनुभव ते देऊ शकत नाही.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट गैरहजेरीची. दोन आठवडे जो दिसला नाही त्याची चौकशी करणारे कोणी तरी प्रत्येक गटात नेमलेले असावे. ताकीद देणारे पत्र नको, विचारपूस हवी. आणि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विचारपूस आणि पाळत यांत फरक आहे. परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याच्या डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. त्याच्याकडे लक्ष देत नाही. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलीला कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करणे म्हणजे तिच्या घराची झडती घेणे होय. ती आवाजाने बोलेल, लिहून बोलेल, कदाचित आठवडाभर केवळ वाचेल. घाटावरही काही माणसे न बोलता बसलेली असतात आणि ती समुदायाबाहेर नसतात. भावाच्या किंवा पतीच्या फोनवरून शिकणाऱ्या स्त्रीला रात्री दहानंतरचा तासच मिळत असेल, तर गटाने तो तास ओळखला पाहिजे.

यावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. एवढे सारे करण्यास शिक्षकाला वेळ कोठला? ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडते, या समजुतीवर अनेक संस्थांचे अंदाजपत्रक उभे आहे. एका शिक्षकाकडे हजार विद्यार्थी सोपवले की खर्च वाचला असे मानले जाते. माझे उत्तर असे की, चित्रफीत स्वस्त असते, सान्निध्य स्वस्त नसते. श्रोतृमंडळांनाही प्रमुख आणि कार्यवाह लागत, अभ्यासकेंद्रांनाही संमंत्रक लागतात. व्याख्यानावर वाचलेला पैसा संमंत्रकांच्या मानधनावर खर्च झाला तरच ही पद्धती प्रामाणिक राहील. आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ज्यांच्या घरात पुस्तके आहेत, शिकलेली वडीलधारी माणसे आहेत, शेजारी कोणी प्राध्यापक आहे, ते विद्यार्थी एकाकी अभ्यासक्रमही पार करतात. ज्यांच्या घरात आपणच पहिले शिकणारे, ते गळतात. सान्निध्याशिवाय दिलेले शिक्षण पुढे असलेल्यांनाच आणखी पुढे नेते. मग दार उघडल्याचा आपला दावा पोकळ ठरतो.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांचे नवे सत्र लवकरच सुरू होईल. विद्यार्थ्यांच्या याद्या आपल्याकडे येतील. त्यांत नावे असतील, क्रमांक असतील. माझी आपणाला एवढीच विनंती आहे की पहिला पाठ पाठवण्यापूर्वी त्या यादीचे लहान लहान भाग करावेत, प्रत्येक भागाला एक माणूस जोडून द्यावा, आणि त्या माणसाला सांगावे की, यांतील कोणी दिसेनासा झाला तर ते सर्वांत आधी तुम्हाला कळले पाहिजे. अभ्यासक्रम त्यानंतर सुरू करावा.